डावखुऱ्याचा शिक्का

अल्विन टेबट लहान असताना त्याचे टॉन्सिल्स काढले, आणि त्याच आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की जगात कुणीतरी आपल्याशी थट्टा करतंय.

झालं असं, की वडील हॉस्पिटलात येताना वाटेतल्या पेपरवाल्याकडून एक अमेरिकन कॉमिक घेऊन आले. मुखपृष्ठावर एक भलामोठा सरडा होता. त्याने जीभ बाहेर काढली होती आणि ती जीभ रस्ताभर लोळत होती. लोक पळत होते. आणि जिभेच्या अगदी टोकावर, बरोबर मध्ये, जांभळ्या शाईचा एक गोल शिक्का होता. वर तीनचा आकडा, खाली किंमत, नऊ पेन्स. आठवडाभर दिसेल तो डॉक्टर अल्विनला 'जीभ काढ' म्हणत होता. त्याने त्या सरड्याकडे पाहिलं, जिभेवरच्या त्या औषधाच्या गोळीसारख्या शिक्क्याकडे पाहिलं आणि तो हसला. ताज्या टाक्यांनी हसायचं नसतं. नर्स ओरडली, उशी बदलावी लागली, वडिलांना बाहेर काढलं. पण अल्विनचं तिकडे लक्षच नव्हतं. ज्याला आपण कधी बघितलं नाही, ज्याने आपल्याला कधी बघितलं नाही, अशा माणसाने आपल्याला नेमक्या वेळी हसवलं, या गोष्टीने तो जो थक्क झाला, तो आता केस पांढरे होईपर्यंत थक्कच होता.

मधल्या काळात तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. आयुष्यातला बराच वेळ दोन मजल्यांच्या मध्ये घालवलेला माणूस एकतर पिसाळतो, नाहीतर कसल्यातरी विचारात पडतो. अल्विन शिक्क्यांच्या विचारात पडला.

ही कॉमिक्स अमेरिकेहून बोटीने यायची. कुणी म्हणतं, बोटीच्या तळाला वजन हवं म्हणून वाळूच्या पोत्यांऐवजी हे गठ्ठे भरत. खरंखोटं समुद्राला माहीत. पण विचार करा, अटलांटिकच्या मधोमध वादळ उठलंय, आणि बोट उलटत नाही, कारण तिच्या पोटात उडत्या तबकड्या आणि हिरवे राक्षस खच्चून भरलेत. मग ते सगळे राक्षस इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका गोदामात उतरायचे. छापलेली किंमत सेंटमध्ये, आणि सेंट इथे कुणी घेईना. म्हणून टेबलाशी बसलेली माणसं एकेका अंकावर हाताने शिक्का मारायची, नऊ पेन्स. दिवसभर, ठक् ठक्. शिक्का कुठे पडतोय हे बघायला ना कुणाला वेळ होता, ना कुणी त्याचे पैसे देत होतं.

अमेरिकेतले संग्राहक त्या शिक्क्याला डाग म्हणतात. लेस्टरमध्ये त्या डागाचं मंडळ आहे.

मंडळ महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये भरतं. आधी तिथे टॅप डान्सचा वर्ग असतो आणि नंतर कुत्र्यांना शिस्त लावायचा. त्यामुळे मंडळाचं कामकाज सुरू होताना फरशी गरम असते आणि संपताना दाराबाहेर कुणीतरी भुंकत असतं.

याच मंडळात अल्विनने डावखुऱ्याचा शोध लावला होता.

त्याचं म्हणणं सरळ होतं. शिक्क्यातला आकडा म्हणजे तो मारणाऱ्या माणसाचा नंबर. तीनचा आकडा असलेले शिक्के घ्या. त्यातले कित्येक डावीकडे कललेले आहेत, म्हणजे मारणारा डावखुरा. आणि हा डावखुरा कुणाच्या तोंडावर शिक्का मारत नाही. तो चंद्रावर मारतो. ढोलावर मारतो. यंत्रमानवाच्या पुढ्यातल्या रिकाम्या बशीत मारतो. रस्त्याच्या पाटीवर, पॅराशूटवर, वजनकाट्याच्या तबकडीवर मारतो. म्हणजे तिथे, त्या ठक् ठक् मध्ये, एक माणूस दर वेळी क्षणभर थांबून चित्र बघत होता. वरिष्ठांना कळू न देता, एक अक्षर न बोलता, देशभरातल्या पोरांशी थट्टा करत होता. अल्विन हे सांगताना आवाज खाली आणायचा. चर्चचा हॉल असल्यामुळे ते शोभूनही दिसायचं.

"टेबलाचा पाय आखूड असेल," ग्लेंडा फ्रीस्टोन म्हणायची.

ग्लेंडा मंडळाची अध्यक्ष. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिच्यापुढे कुणी 'नेहमी' हा शब्द वापरला की ती 'म्हणजे किती वेळा?' असं विचारायची, त्यामुळे मंडळात हा शब्द आता फारसा कुणी वापरत नव्हतं. तिच्या मते तीन हा आकडा माणसाचा नव्हता. दुकानदाराने न खपलेले अंक कधी परत करायचे, त्याची ती खूण होती. आणि राहिला चंद्र. "हजारो शिक्के मारले की काही चंद्रावर पडणारच, अल्विन. जे चंद्रावर पडले ते तू जपून ठेवलेस. जे घोड्याच्या ढुंगणावर पडले ते तू मिकला दिलेस."

हे मात्र खरं होतं. मिक क्लूलो हा मंडळातला तिसरा मुख्य माणूस. तो फक्त बिघडलेले शिक्के जमवायचा, नाकावर पडलेले, डोळ्यात गेलेले आणि विशेष करून उलटे. उलट्या शिक्क्यांनी त्या काळी दुकानदारांना फार छळलं होतं. उलटा नऊ सहासारखा दिसतो, आणि पोरं सहा पेन्स टेकवून चालू लागायची. अल्विनचा ठाम नियम होता की डावखुरा असला गाढवपणा करणार नाही. शिक्का उलटा असेल तर तो डावखुऱ्याचा नव्हे. असे अंक हाती आले की तो मिकला द्यायचा, आणि मिक बदल्यात एक पोर्क पाय, म्हणजे डुकराच्या मांसाची जाडजूड कचोरी, द्यायचा. वर्षानुवर्षं हा दर बदलला नव्हता. अल्विनचं पोट हा त्या व्यवहाराचा पुरावा होता.

आता अडचण अशी झाली, की मंडळ शिक्क्यांचं पुस्तक छापत होतं. संपादक ग्लेंडा. सोमवारी ते छापखान्यात जाणार होतं. त्यात डावखुऱ्याला एक पान होतं, पण पेन्सिलीने लिहिलेलं.

"छापखान्यात पेन्सिल चालत नाही," ग्लेंडा म्हणाली होती. "एकतर शाई, नाहीतर रबर. आणि एकदा पुस्तकातून गेला की तो योगायोग. मग मला हॉलमध्ये त्याची कुजबुज ऐकायची नाही."

अल्विनला त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ दे, एक पान. पण ते पान खोडलं तर मग हॉस्पिटलात आपल्याला हसवलं कुणी? टेबलाच्या आखूड पायाने? माणूस एकटा आहे हे कळायला हरकत नसते. पण आपण एकटेच होतो, तेव्हासुद्धा, हे मागाहून कळणं फार वाईट.

म्हणून शेवटची परीक्षा ठरली: न बघितलेल्या अंकावर डावखुऱ्याने शिक्का कुठे मारला, ते अल्विनने आधीच सांगायचं. ओहायोमधल्या लामार फोगलसँग नावाच्या माणसाकडे एक अंक निघाला होता. 'टेनंट्स ऑफ सॅटर्न', अंक चौदा. लामारचे वडील अमेरिकन हवाई दलात, इंग्लंडच्या तळावर नेमणुकीला. त्यांनी तिथल्या गावात नऊ पेन्स देऊन तो घेतला आणि मायदेशी जाताना बरोबर नेला. म्हणजे हे कॉमिक राक्षसासकट समुद्र ओलांडून आलं आणि विमानाने परत गेलं. शिक्का जांभळा, आकडा तीन. लामार इंग्लंडला यायचाच होता. अल्विनने त्याला कळवलं, कृपा करून शिक्का कुठे आहे ते सांगू नका, तुम्हीही बघू नका.

कारण मंडळाची एक रीत होती. नवा अंक पिशवीतून काढण्याआधी, शिक्का नसलेल्या मुखपृष्ठाची मोठी प्रत टेबलावर पसरायची आणि ज्याने त्याने आपापली जुनी तपकिरी पेनी त्यावर ठेवायची. शिक्का तुझ्या मते कुठे असेल, तिथे. पेनी एकदा ठेवली की उचलायची नाही.

लामार आला. दारातून तो आधी अर्धा आला, मग उरलेला आला. मांडीवर पेटी घेऊन तो चर्चच्या छोट्या खुर्चीवर बसला आणि खुर्चीने काही तक्रार केली नाही, याचं सगळ्यांना कौतुक वाटलं.

"चहा?" ग्लेंडाने विचारलं.

"तुमच्याकडे कॉफी..."

"आहे. पण तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला ती देणं बरं दिसणार नाही."

त्याने चहा घेतला.

टेबलावर मुखपृष्ठ पसरलं होतं. शनीवरचा एक राक्षस, एक पाय समुद्रात, एक बंदरात. शहरावर ओणवून त्याने पंजा पुढे केला होता, तळवा वर, आता सगळ्या इमारती ओंजळीत घेणार असा. नजर खाली. तोंडातून शब्द, 'ही पृथ्वी आता माझी!' खाली माणसंच माणसं, मुंगीला जागा नाही. वर उजव्या कोपऱ्यात मात्र एक स्वच्छ, गोल, रिकामा चंद्र.

अल्विनने पेनी चंद्रावर ठेवली. अगदी मधोमध.

मिकने राक्षसाच्या नाकावर ठेवली. तो नेहमी नाकावरच ठेवायचा.

ग्लेंडाने डोळे मिटून पेनी टाकली. ती घरंगळत जाऊन समुद्रात पडली. "योगायोगाच्या वतीने," ती म्हणाली.

"काढा आता," अल्विन लामारला म्हणाला.

लामारने पेटी उघडली, पिशवीतून अंक काढला आणि दोन्ही हातांनी, बाळ ठेवावं तसा टेबलावर ठेवला.

सगळे वाकले. चंद्र रिकामा होता. नाक रिकामं होतं. समुद्रही रिकामा होता. मुखपृष्ठ लख्ख होतं, काल छापल्यासारखं. शिक्का कुठेच नव्हता.

लामार हसत होता. "काय मस्त निघालंय ना? म्हटलं एवढ्या लांब जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं. साफ करून घेतलं. आमच्याकडचा सगळ्यात चांगला माणूस आहे. शिक्का होता असं आता सूक्ष्मदर्शकातूनसुद्धा कळणार नाही. तुमच्या मंडळाला माझी भेट."

टॅप डान्सने गरम झालेली फरशी गार होत असल्याचं ऐकू येत होतं. इंग्लंडमध्ये अशा वेळी म्हणायचं एकच वाक्य असतं, आणि ते अल्विनने म्हटलं.

"फार छान."

"फारच," ग्लेंडा म्हणाली.

"एवढं करायला नको होतं तुम्ही," मिक म्हणाला, आणि त्या हॉलमध्ये त्या दिवशी बोललेलं ते सगळ्यात खरं वाक्य होतं.

मग हळूहळू लामारच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा खालून वर लाल होत गेला, थर्मामीटरसारखा. "तुम्हाला... डाग हवा होता?"

"जाऊ द्या हो," अल्विन म्हणाला. "कुठे होता तेवढं आठवतंय का?"

"तुम्हीच लिहिलं होतंत, बघू नका. मी नाही बघितलं. आकडा बायकोने वाचून दाखवला."

"मग त्यांना विचारता?"

लामारने ओहायोला फोन लावला. तिकडे सकाळ होती. बायकोचा आवाज फोनबाहेर सगळ्यांना ऐकू येत होता.

"डाग? एक वर होता, एक खाली होता."

"दोन?"

"एक कॉफीचा होता, लामार. तुझ्या बाबांचा. कुठला वरचा ते मी कशाला लक्षात ठेवू? आणि तू जेवलास का?"

फोन बंद झाला. ग्लेंडाने पर्समधून रबर काढलं. तिने ते काही आनंदाने काढलं नाही, हे सांगायला हवं. ती म्हणाली, "अल्विन, मला वाईट वाटतंय. पण नसलेला शिक्का मी छापू शकत नाही."

"कळतंय."

"तू एक सँडविच घे."

"नको."

अल्विनने सँडविचला नाही म्हणणं ही मंडळाच्या इतिहासात पहिलीच वेळ. मिकने टोपी काढली.

अल्विनने अंक पिशवीत घालायला उचलला. सवयीने त्याने तो पालथा धरला, मुखपृष्ठाला अंगठा लागू नये म्हणून. मलपृष्ठावर जाहिरात होती, महिनाभरात दंड फुगवून देतो म्हणणाऱ्या कुठल्याशा भुकटीची. तिच्यातल्या पांढऱ्या जागेत, खालच्या बाजूला, एक फिक्कट जांभळट ठसा होता.

"तो राहिला," लामार शरमून म्हणाला. "मागच्या बाजूचे तो वेगळे पैसे सांगत होता. बायको म्हणाली, मागे कोण बघतंय."

खरंच कुणी बघत नसे. मंडळाने आजवर एकही अंक शिक्क्यासाठी उलटून पाहिला नव्हता. शिक्का पुढे असतो.

अल्विनने तो खिडकीशी नेला. ठसा गोल होता. त्यात आकडे होते, पण आरशात दिसावेत तसे. मग सावकाश म्हणाला, "ओली शाई."

"काय?"

"गोदामात गठ्ठा यायचा तो एकाच अंकाचा. बरोबर? एकावर शिक्का मारला, बाजूला ठेवला. दुसऱ्यावर मारला, त्याच्यावर ठेवला. खालच्याची शाई वाळायच्या आधी वरच्याची पाठ तिच्यावर टेकली." त्याने अंक छातीशी धरला. "हा याचा शिक्का नाही, ग्लेंडा. याच्या खाली जो अंक होता, त्याचा आहे. हेच चित्र, तोच गठ्ठा, तोच हात."

ग्लेंडाने रबर खाली ठेवलं. गणिताच्या माणसाला पटणारी गोष्ट पटली की त्याला राग येतो, तसा तिला थोडा राग आला. "मग उतरवून घे," ती म्हणाली.

हॉलच्या स्वयंपाकघरात केकखाली घालायचा अर्धपारदर्शक कागद होता. अल्विनने तो मलपृष्ठावर ठेवला, अंकाच्या कडा पेन्सिलीने आखल्या, मग ठसा गिरवला, श्वास रोखून. मग अंक सरळ केला. आता कागद उलटायचा आणि कडेला कड जुळवून मुखपृष्ठावर ठेवायचा, की त्या कुणीच न पाहिलेल्या अंकावर शिक्का कुठे होता ते दिसणार.

दाराबाहेर एक कुत्रं भुंकलं. कुत्र्यांची मंडळी जमायला लागली होती.

अल्विनने कागद उलटला. आरशातल्या आकड्यांचं डावंउजवं जागेवर आलं. त्याने कडा जुळवल्या आणि हात काढून घेतला.

शिक्का चंद्रावर नव्हता. तो राक्षसाच्या उघड्या तळव्यावर होता, अगदी मधोमध, चार बोटं आणि अंगठा यांच्या मध्ये, नाण्यासारखा. आणि तो उलटा होता. पार डोक्यावर.

"आयला," मिक म्हणाला.

ग्लेंडा अल्विनकडे बघत होती. "उलटा आहे," ती हळूच म्हणाली. "नियम तुझाच आहे. उलटा म्हणजे तो नाही."

अल्विनला नियम पाठ होता. मंडळासमोर त्याने तो इतक्या वेळा सांगितला होता की आता त्यातून पळायला फटही नव्हती. लिफ्ट अडकते तेव्हा आतली माणसं ज्या नजरेने दाराकडे बघतात, त्या नजरेने तो त्या शिक्क्याकडे बघत राहिला. उलटा. उलटा म्हणजे आपल्याकडून उलटा. पण आपण कोण?

तो टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला, जिथे राक्षसाचं डोकं होतं, आणि तिथून खाली वाकला.

"इकडे या," तो म्हणाला.

"अल्विन..."

"ग्लेंडा, अगं इकडे ये. सगळे या. त्याच्या बाजूने बघा."

मग चर्चच्या हॉलमध्ये जाणती माणसं टेबलाभोवती फिरून पलीकडे गेली, ओहायोचा अवाढव्य गृहस्थ चहाचा कप सांभाळत सगळ्यात शेवटी, आणि शनीवरच्या राक्षसाच्या खांद्यावरून सगळ्यांनी खाली पाहिलं.

शिक्का सरळ होता. नऊ पेन्स. राक्षस मान खाली घालून स्वतःच्या हातातले पैसे बघत होता. शहर लुटत नव्हता तो. तळव्यावर नाणं ठेवून तो ते मोजत होता. 'ही पृथ्वी आता माझी' म्हणणारा लुटारू त्या एका शिक्क्याने गिऱ्हाईक झाला होता. सज्जन, थोडं अवघडलेलं, परगावचं गिऱ्हाईक. पृथ्वीची किंमत त्याला कुणीतरी खरी सांगितली होती आणि तो ती खिशातून काढत होता.

"असा मारायचा तर मनगट पार फिरवावं लागतं," ग्लेंडा शेवटी म्हणाली. तिने रबर उचलून हवेत शिक्का मारून बघितला. सरळ. मग उलटा. उलट्यासाठी तिला कोपर कानाशी न्यावं लागलं. "घाईत कुणी असं करणार नाही. हे... मुद्दामच करावं लागतं."

"ग्लेंडा," अल्विन म्हणाला. "माझे उलटे."

सगळे मिककडे वळले.

मिक क्लूलो आपली पेटी दोन्ही हातांनी धरून उभा होता. वर्षानुवर्षांचे उलटे, एकेका पोर्क पायला एकेक. "मी परत देणार नाही," तो म्हणाला. "पण बघायला देतो."

त्याने पहिला अंक ठेवला. परग्रहावरच्या खानावळीत तीन डोळ्यांचा वेटर ताटली पुढे करतोय, आणि ताटलीत उलटा शिक्का. सगळे पलीकडे गेले. पलीकडे जेवणारा बसला होता, आणि त्याच्या बाजूने शिक्का सरळ होता. बिल आलं होतं.

दुसरा. चाच्यांनी एका माणसाला डोलकाठीला पायांनी उलटं टांगलंय. त्याच्या डोक्याखाली समुद्रातलं एक पिंप, पिंपावर उलटा शिक्का. लामारने मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली, आणि म्हणाला, "त्याला सरळ दिसतोय."

"हो," अल्विन म्हणाला.

"टांगलेल्या माणसाला किंमत नीट वाचता यावी म्हणून..."

"हो."

अल्विनला वाटलं होतं डावखुरा पोरांशी थट्टा करत होता. पोरांना तर तो नंतर भेटत होता. आधी त्याने आतल्या माणसांची काळजी घेतली होती. उलट्या टांगलेल्यांची, राक्षसांची, बिल देणाऱ्यांची. नऊ तास ठक् ठक् करून दमलेला कुणी एक लेस्टरचा माणूस कागदावरच्या राक्षसाला 'हे घ्या, तुमच्याकडे सरळ धरलंय' म्हणत होता. आणि हे सगळं इतकी वर्षं मिकच्या पेटीत होतं. अल्विनने ते स्वतःच्या हाताने, मिटक्या मारत, देऊन टाकलं होतं.

मिकने तिसरा अंक ठेवला. घोडा. घोड्याच्या ढुंगणावर उलटा शिक्का, आकडा तीन. सगळे पलीकडे गेले. अलीकडे आले. मिकने डोकं खाली करून पायांमधून पाहिलं. कुठूनही बघा, ते घोड्याचं ढुंगणच होतं.

"आणि हा?" ग्लेंडाने विचारलं. तिने हे अगदी मृदू आवाजात विचारलं, म्हणजे धोका होता.

अल्विनने त्या घोड्याकडे पाहिलं. पूर्वी तो म्हणाला असता की हा दुसऱ्या कुणाचा.

"चुकला असेल," तो म्हणाला. "दमला असेल. माणूस आहे शेवटी."

ग्लेंडाने त्याच्याकडे पाहिलं. मग पर्स उघडली, रबर आत टाकलं आणि पेन काढलं. "इतकी वर्षं तू मला एक देव सांगत होतास, अल्विन. कधी न चुकणारा. देव मी छापत नाही, त्यासाठी या चर्चची वेगळी पुस्तकं आहेत. माणूस असेल तर छापते." आणि तिने डावखुऱ्याच्या पानावर पेन्सिलीवरून शाई फिरवायला सुरुवात केली. मध्येच थांबून म्हणाली, "घोडासुद्धा घालणार. पहिलं चित्र तेच."

"चालेल," अल्विन म्हणाला. त्याला चाललंच असतं. त्याला त्या घोड्याबद्दलही आता अपार माया वाटत होती.

दार उघडलं. कुत्र्यांच्या वर्गाच्या बाई आत आल्या, मागे कुत्री आणि कुत्र्यांनी ओढत आणलेली माणसं. "वेळ झाली आमची," त्या म्हणाल्या, आणि मग टेबलाभोवती उभ्या असलेल्या लोकांचे चेहरे बघून आवाज खाली आणत म्हणाल्या, "कुणी गेलं का?"

"नाही," मिक म्हणाला. "उलट."

बाईंनी 'बस' म्हटलं आणि सगळी कुत्री बसली. एक सोडून. त्या एकाला टेबलावर काय आहे ते बघायचं होतं.

लामार अजून कोपऱ्यात उभा होता, हातात थंड चहा. "माझ्या अंकावरचा शिक्का," तो म्हणाला. "जो मी पुसला. तो कुठे होता ते आता कधीच कळणार नाही, नाही का?"

अल्विनने मान वर केली. "का नाही? तुमचा अंकही ओलाच ठेवला असेल. त्याच्यावर आणखी एक आला असेल. त्याची पाठ कुठेतरी असेल, कुणाच्या तरी कपाटात. आणि तिच्यावर तुमचा शिक्का असेल, उमटलेला."

"आणि त्या अंकाचा शिक्का त्याच्या वरच्याच्या पाठीवर," ग्लेंडा म्हणाली. ती हे बोलली आणि लिहिता लिहिता थांबली.

त्या हॉलमध्ये मंडळाच्या लोकांच्या मिळून पुष्कळ पेट्या होत्या. सगळ्या अंकांची तोंडं वर होती, आजवर होती तशी. पहिला हात कुणी घातला ते कुणालाच नंतर सांगता आलं नाही. पण कुत्र्यांची मंडळी शिस्तीत भिंतीशी बसून राहिली आणि मंडळाची माणसं आपापले अंक एकेक करून उलटून बघायला लागली.